छत्रीचा प्रश्न: अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या एका पेपरचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका मध्यम आकाराच्या विद्यापीठातल्या अर्थशास्त्र विभागाचं आहे. विभागाची आणि माणसांची ओळख मुद्दाम बाजूला ठेवली आहे. मी त्या वेळी पहिल्या वर्षाच्या सूक्ष्म अर्थशास्त्राच्या पेपरची समन्वयक होते, त्यामुळे पुढे जे चुकलं त्यात माझा वाटा मोठा आहे.

पेपर सक्तीचा. चार तुकड्या, चार शिक्षक, सगळ्यांना मिळून एकच प्रश्नपत्रिका. 100 पैकी 70 गुण सत्राच्या शेवटच्या लेखी परीक्षेचे आणि 30 अंतर्गत मूल्यमापनाचे. 70 गुणांचा आराखडा अभ्यास मंडळ ठरवतं. 30 गुणांचं काय करायचं ते विभागाच्या हातात असतं, पण त्यातही वर्षानुवर्षं दोन छोट्या चाचण्या आणि एक 'असाइनमेंट' हाच शिरस्ता होता. असाइनमेंट म्हणजे पुस्तकातलं एक प्रकरण सुवाच्य अक्षरात उतरवून काढणं.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी: कुणाचीही तक्रार नव्हती. निकाल चांगला लागत होता, पोर्शन वेळेवर संपत होता, विद्यार्थी शिक्षकांवर खूश होते. म्हणून पुढची दोन वर्षं आम्ही ज्यात घालवली ती अडचण अपघातानेच नजरेस पडली.

तोंडी परीक्षेत काय झालं

दुसऱ्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत माझ्यासोबत विभागातले सर्वांत ज्येष्ठ सहकारी बसले होते. विद्यार्थी घाबरू नयेत म्हणून सुरुवातीला पहिल्या वर्षातलं काहीतरी सोपं विचारायचं, असं आमचं ठरलं होतं. बाहेर पाऊस होता. सरांनी सहज विचारलं, "पाऊस सुरू झाला की छत्र्यांची किंमत वाढते आणि विक्रीही वाढते. मग किंमत वाढली की मागणी घटते, या मागणीच्या नियमाचं काय झालं?"

पहिला विद्यार्थी क्षणाचाही विलंब न लावता म्हणाला, "सर, हा मागणीच्या नियमाचा अपवाद आहे." कोणता अपवाद? "गिफेन वस्तू."

छत्री गिफेन वस्तू! म्हणजे किंमत वाढली तरी गरिबांना जास्तच घ्यावी लागते अशी हलक्या प्रतीची वस्तू. आम्ही हसू दाबलं. पुढच्या मुलीने छत्रीला प्रतिष्ठेची वस्तू ठरवलं. तिसरा म्हणाला की लोकांना किंमत आणखी वाढेल अशी भीती वाटते म्हणून ते साठा करतात. हे उत्तर त्यातल्या त्यात बरं होतं, पण तेही 'अपवाद' या यादीतलंच होतं. पाठ्यपुस्तकात मागणीच्या नियमाच्या अपवादांची यादी असते. मुलं त्या यादीवरून बोट फिरवत होती आणि छत्री जिथे बसेल तिथे बसवत होती.

माझ्या लक्षात राहिली ती चौथी. पहिल्या वर्षी या पेपरला तिला सर्वाधिक गुण होते. तिने खडू घेतला, अक्ष आखले, डावीकडून उजवीकडे खाली येणारा मागणी वक्र (कोणत्या किमतीला लोक किती नग घेतील ते दाखवणारी रेषा) काढला. मी म्हटलं, पावसाआधीचा बिंदू आणि नंतरचा बिंदू दाखव. तिने दोन बिंदू मांडले, दुसरा पहिल्याच्या वर आणि उजवीकडे. मग तिने आकृतीकडे पाहिलं. दोन्ही बिंदू एका वक्रावर बसत नव्हते. तिने थोडा विचार केला, वक्र पुसला आणि दोन्ही बिंदूंमधून जाणारा, वर चढणारा नवा मागणी वक्र काढला.

इथे बदललं होतं ते पावसाचं मान. पावसामुळे प्रत्येक किमतीला लोकांना आधीपेक्षा जास्त छत्र्या हव्या झाल्या, म्हणजे अख्खा मागणी वक्र उजवीकडे सरकला. पुरवठा वक्र (कोणत्या किमतीला विक्रेते किती नग विकतील ते दाखवणारा) वर चढणारा असल्यामुळे नवा छेदबिंदू जास्त किमतीला आणि जास्त नगांना पडला. नियम जागच्या जागी आहे. मजा अशी, की 'मागणीचा विस्तार' (किंमत घटल्याने त्याच वक्रावर पुढे जाणं) आणि 'मागणीतील वृद्धी' (अख्खा वक्र उजवीकडे सरकणं) यांतला फरक त्या चौघांनाही तोंडपाठ होता. 'फरक स्पष्ट करा' या प्रश्नाला दोन रकान्यांत सहा मुद्दे लिहून त्यांनी पूर्ण गुण मिळवले होते.

अडचण नेमकी कुठे होती

पहिली प्रतिक्रिया नेहमीची होती: मुलं घोकतात, वाचत नाहीत, पूर्वीसारखी राहिली नाहीत. ज्येष्ठ सरांनीच हा सूर तोडला. त्यांनी मागच्या काही वर्षांच्या प्रश्नपत्रिका मागवल्या, टेबलावर पसरल्या आणि म्हणाले, "यातला एक तरी प्रश्न दाखवा, ज्याला वक्र सरकण्याचं कारण ओळखावं लागतं." एकही सापडला नाही. व्याख्या, वैशिष्ट्यं, गृहीतकं, अपवाद, मर्यादा, टिपा. दर दोन वर्षांनी तेच प्रश्न, फक्त क्रम बदललेला.

आम्ही वर्गात शिकवतो की माणसं प्रोत्साहनांना प्रतिसाद देतात. विद्यार्थ्यांनी तेच केलं होतं. ज्या गोष्टीला गुण होते तिच्यावर वेळ घातला, ज्याला नव्हते तिच्यावर नाही. हातातला मर्यादित वेळ त्यांनी उत्तम वाटला होता. चुकीची 'किंमत' आम्ही लावली होती.

प्रश्न जुना आहे, हे वाचन सुरू केल्यावर कळलं. जॉर्ज स्टिगलर यांनी 1963 मध्येच शंका उपस्थित केली होती, की अर्थशास्त्राचा प्राथमिक अभ्यासक्रम केलेला आणि न केलेला माणूस काही वर्षांनी साध्या आर्थिक प्रश्नावर वेगळा वागेल का. विल्यम बेकर आणि मायकेल वॉट्स यांनी 1995 पासून दर पाच वर्षांनी अमेरिकेतल्या अर्थशास्त्राच्या शिक्षकांची पाहणी केली, तेव्हा पुन्हा पुन्हा तेच निघालं: खडू, फळा आणि व्याख्यान. पण हे वाचून थोडा दिलासा मिळतो तसा धोकाही असतो. सगळीकडेच असं आहे म्हटलं की काही करावंसं वाटत नाही.

समोर आलेले पर्याय

विभागाच्या बैठकीत चार सूचना आल्या.

जादा तास घ्यावेत, ही पहिली. ती चटकन निकालात निघाली. जे शिकवून उपयोग झाला नाही तेच आणखी दोन तास शिकवायचं, एवढाच तिचा अर्थ होता.

व्याख्यानं ध्वनिचित्रमुद्रित करून घरी पाहायला द्यावीत आणि वर्गातला वेळ मोकळा करावा, ही दुसरी. मोकळ्या वेळात काय करायचं हे कुणालाच सांगता येईना, म्हणून ती मागे पडली.

तिसऱ्या सूचनेवर बैठक रंगली. विभागातल्या सर्वांत तरुण सहकाऱ्याचं म्हणणं होतं, की रोग अभ्यासक्रमातच आहे. त्याने आठवण करून दिली, की 2008 च्या आर्थिक संकटानंतर विद्यार्थ्यांनीच हा विषय रस्त्यावर आणला: नोव्हेंबर 2011 मध्ये हार्वर्डमधल्या प्रास्ताविक अर्थशास्त्राच्या वर्गातून विद्यार्थी उठून गेले, 2012 मध्ये मँचेस्टरमध्ये विद्यार्थ्यांनी संकटोत्तर अर्थशास्त्राची संघटना काढली, 2014 मध्ये अनेक देशांतल्या विद्यार्थी संघटनांनी मिळून अर्थशास्त्रात वेगवेगळ्या विचारधारा शिकवा अशी मागणी करणारं खुलं पत्र काढलं. वेंडी कार्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'कोअर' हा मोफत अभ्यासक्रम याच काळात उभा केला. त्यात विषमता, पर्यावरण, संस्था हे विषय पहिल्यापासून येतात. "मुलांना छत्र्यांमध्ये रस का वाटावा?" हा त्याचा प्रश्न होता आणि तो बिनतोड होता.

ज्येष्ठ सरांचं उत्तरही तितकंच बिनतोड होतं. "तुम्ही विषमता आणा, पर्यावरण आणा. आपली परीक्षा हीच राहिली तर पुढच्या वर्षी मुलं 'विषमतेची पाच कारणं' पाठ करून येतील."

मला दोघांचंही पटलं. आज वाटतं की ही दोन वेगळी कामं होती आणि आम्ही त्यांना एकमेकांसमोर उभं केलं.

चौथी सूचना माझी: वर्गातली पद्धत बदलायची. हार्वर्डमधले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझुर यांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीपासून वापरलेली एक रीत आहे. संकल्पनेवरचा बहुपर्यायी प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने एकट्याने उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याला आपलं उत्तर पटवून द्यायचं आणि पुन्हा उत्तर द्यायचं. फार थोड्यांचं बरोबर आलं तर चर्चेचा उपयोग नाही, पुन्हा समजावून सांगायचं. बहुतेकांचं आलं तर पुढे जायचं. मधल्या पट्ट्यात चर्चा कामाची ठरते. याशिवाय वर्गात बाजाराचा प्रयोग करायचा.

परीक्षेला हात लावायचा का, हा प्रश्न त्या बैठकीत निघाला होता. सरांनीच काढला होता. मी म्हटलं, आधी शिकवणं सुधारू, मग परीक्षेचं पाहू. अभ्यास मंडळाकडे जायचं म्हणजे वर्ष जाईल. या प्रकरणातला सर्वांत महागडा निर्णय हाच.

पहिलं सत्र

दोन तुकड्यांत नवी पद्धत, दोन तुकड्यांत जुनीच. रंगीत पुठ्ठ्यांवर अ, ब, क, ड लिहून वाटले. पहिले तीन आठवडे वर्गात मासळी बाजार भरल्यासारखा आवाज असायचा आणि मला तो आवाज आवडायचा. छत्रीचा प्रश्न पहिल्या फेरीत बहुतेकांनी चुकवला. शेजाऱ्याशी भांडून झाल्यावर दुसऱ्या फेरीत चित्र पालटलं.

सहाव्या आठवड्यापासून बाकं रिकामी होऊ लागली. एका विद्यार्थ्याने तास संपल्यावर विचारलं, "मॅडम, हे पेपरला येतं का?" मी प्रामाणिकपणे नाही म्हटलं. तो हसून म्हणाला, "मग शेजारच्या तुकडीत सर नोट्स देतात, तिथे बसलो तर चालेल?" चालेल, म्हटलं. दुसरं काय म्हणणार! उपलब्ध पर्यायांतला सर्वांत चांगला पर्याय निवडणं हेच तर त्याला शिकवत होते.

सत्राच्या शेवटी अभिप्राय आले. सर्वांत जास्त वेळा आलेलं वाक्य साधारण असं होतं: मॅडम शिकवत नाहीत, आम्हालाच विचारतात. मी जवळजवळ सगळं सोडून देणार होते. 2019 मध्ये हार्वर्डमधल्या भौतिकशास्त्राच्या वर्गांवर लुई डेलोरिए आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला अभ्यास त्या दिवसांत वाचनात आला: सक्रिय पद्धतीने शिकलेल्या विद्यार्थ्यांना चाचणीत गुण जास्त मिळाले, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटलं. ओघवतं व्याख्यान ऐकताना सगळं समजल्यासारखं वाटतं. स्वतः अडखळत विचार करताना काहीच येत नाही असं वाटतं.

या अभ्यासाने धीर दिला, पण त्याची ढाल करण्याचा मोहही झाला. विद्यार्थ्यांच्या दोन तक्रारी अगदी रास्त होत्या. चर्चा झाल्यावर 'मग नक्की काय ठरलं' हे फळ्यावर नीट लिहिलं जात नव्हतं, म्हणून तास बुडालेल्याला मागे वळून पाहायला काहीच उरत नव्हतं. आणि पुठ्ठा वर केला की आपलं चुकीचं उत्तर अख्ख्या वर्गाला दिसायचं. मागच्या बाकावरची मुलं पुढच्यांचे पुठ्ठे पाहून आपला उचलायची. दुसऱ्या वेळी आम्ही पुठ्ठे छातीशी धरायला सांगितले आणि प्रत्येक प्रश्नानंतर दोन मिनिटं लिहिण्यासाठी ठेवली.

मैफिलीच्या तिकिटाचा प्रश्न

संधी खर्चाच्या, म्हणजे एक पर्याय निवडताना जे गमावतो त्याच्या, तासाला जे घडलं ते सविस्तर सांगण्याजोगं आहे.

पॉल फेरारो आणि लॉरा टेलर यांनी 2005 मध्ये एक प्रश्न अर्थशास्त्रज्ञांच्याच वार्षिक परिषदेत विचारला होता. तुम्हाला एरिक क्लॅप्टनच्या मैफिलीचं तिकीट फुकट मिळालं आहे. ते विकता येत नाही. त्याच रात्री बॉब डिलनचीही मैफील आहे, क्लॅप्टन सोडल्यास तुमची पुढची पसंती तीच. डिलनचं तिकीट 40 डॉलरचं आहे, आणि त्याला ऐकण्यासाठी तुम्ही 50 डॉलरपर्यंत द्यायला तयार असता. मग क्लॅप्टनला जाण्याचा संधी खर्च किती? पर्याय होते 0, 10, 40 आणि 50 डॉलर. अपेक्षित उत्तर 10: डिलनकडून 50 चा आनंद मिळाला असता, त्यासाठी 40 मोजावे लागले असते, गमावलं ते 10. उत्तर देणाऱ्या 199 अर्थशास्त्रज्ञांपैकी फक्त 21.6 टक्क्यांनी ते निवडलं. चार पर्यायांत सर्वांत कमी पसंती त्यालाच होती.

वर्गाला हा किस्सा फार आवडला. प्राध्यापकही चुकतात म्हटल्यावर मुलं मोकळी झाली. मी दिमाखात 10 लिहून पुढे निघाले होते, तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, "मॅडम, 50 का नाही? आपल्या नोट्समध्ये संधी खर्च म्हणजे सोडून दिलेल्या सर्वोत्तम पर्यायाचं मूल्य, असं लिहिलंय. डिलनचं मूल्य 50 आहे. 40 वजा करायचे हे त्या व्याख्येत कुठे आहे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी जाऊन शोधलं तेव्हा कळलं, की नेमका हाच आक्षेप जोएल पॉटर आणि शेन सँडर्स यांनी 2012 मध्ये छापील स्वरूपात घेतला आहे: व्याख्या कशी करता त्यावर वेगवेगळी उत्तरं समर्थनीय ठरतात. पुढच्या तासाला वर्गाची माफी मागितली आणि प्रश्न नव्याने मांडला: कोणत्या व्याख्येने कोणतं उत्तर येतं ते दाखवा, आणि उत्तर काहीही धरलं तरी 'क्लॅप्टनला जावं की डिलनला' हा निर्णय बदलतो का ते सांगा. बदलत नाही, हिशोब दोन्ही बाजूंना सारख्याच पद्धतीने केला तर निर्णय तोच राहतो. वर्गाला खरी समज आली ती इथे.

पत्त्यांचा बाजार

वर्गातला बाजार ही कल्पना चार्ल्स होल्ट यांनी 1996 मध्ये मांडलेल्या पत्त्यांच्या रीतीवरून घेतली. अर्ध्या वर्गाला काळे पत्ते, ते विक्रेते. पत्त्यावरचा आकडा म्हणजे त्यांचा खर्च. अर्ध्यांना लाल, ते ग्राहक. आकडा म्हणजे वस्तूचं त्यांच्या लेखी मूल्य. कुणी कुणाला पत्ता दाखवायचा नाही. फिरायचं, घासाघीस करायची, सौदा पटला की नोंदवायचा.

मूळ रीतीत सौदे झाले की भाव जाहीर होतात आणि फेऱ्या अनेक होतात. आम्ही वेळ वाचवायला एकच फेरी घेतली आणि भाव फळ्यावर लिहिलेच नाहीत. नफा-तोटा सोडाच, भाव इतके विखुरले की तरुण सहकारी दारात उभा राहून म्हणाला, "बघा, समतोल काही आला नाही!"

समतोल, म्हणजे मागणी आणि पुरवठा जिथे जुळतात तो भाव, आला नाही याचंही कारण होतं, आणि ते शोधताना आम्हीच जास्त शिकलो. एडवर्ड चेंबरलिन यांनी 1948 मध्ये प्रसिद्ध केलेल्या वर्गप्रयोगात नेमकं हेच होतं: विद्यार्थी जोडीजोडीने घासाघीस करून बाजूला व्हायचे, आणि भाव स्पर्धेच्या सिद्धांताप्रमाणे येत नाहीत असं त्यांनी दाखवलं. त्यांच्याच वर्गात विद्यार्थी म्हणून बसलेल्या व्हर्नन स्मिथ यांनी नंतर नियम बदलले: बोली सगळ्यांना ऐकू येईल अशी लावायची आणि तोच बाजार पुन्हा पुन्हा भरवायचा. भाव झपाट्याने समतोलाजवळ आले. तो लेख 1962 चा. 2002 मध्ये स्मिथ यांना नोबेल मिळालं.

मग फळ्यावर चार ग्राहक आणि चार विक्रेते मांडले. ग्राहकांची मूल्यं 10, 8, 6, 4. विक्रेत्यांचे खर्च 2, 4, 6, 8. सगळ्यांना एकच भाव 6 दिसला तर 10 आणि 8 वाले घेतात, 2 आणि 4 वाले विकतात, 6 वाल्यांना फरक पडत नाही. एकूण लाभ (मूल्य वजा खर्च) 8 अधिक 4, म्हणजे 12. आता भाव कुणालाच दिसत नाही आणि जोड्या अशा जुळल्या: 10 वाला 8 खर्चाच्या विक्रेत्याकडे, 8 वाला 6 कडे, 6 वाला 4 कडे, 4 वाला 2 कडे. चारही सौदे होतात, प्रत्येकी लाभ 2, एकूण 8. सौदे वाढले आणि लाभ घटला. 'जास्त व्यवहार म्हणजे चांगला बाजार' हे जे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं ते मोडलं. पुढच्या आठवड्यात बोली फळ्यावर लिहून चार फेऱ्या घेतल्या, भाव आक्रसत गेले, आणि त्या दिवशी प्रथमच कुणीतरी विचारलं, "म्हणजे समतोल हा नियमांवर अवलंबून असतो?"

योजल्याप्रमाणे प्रयोग पहिल्याच दिवशी 'यशस्वी' झाला असता तर हा प्रश्न आला नसता. तेव्हापासून आम्ही मुद्दाम आधी फसणारी फेरीच घेतो.

दुसरा निर्णय: गुण

एवढं होऊनही सत्राच्या शेवटी नव्या पद्धतीच्या तुकड्यांचे गुण जुन्यांपेक्षा किंचित कमीच होते. साहजिक आहे. परीक्षेत अपवादांची यादी विचारली होती आणि आम्ही यादीवर कमी वेळ घालवला होता. विभागप्रमुखांनी शांतपणे विचारलं, "पुढे काय?"

आता दुसरा मार्ग नव्हता. अंतर्गत 30 गुण आमच्या हातात होते. ते आधी बदलले. उतरवून काढायची असाइनमेंट बंद केली. तिच्या जागी दर पंधरवड्याला एक छोटा प्रश्न: एक प्रसंग, त्यावर कुणीतरी केलेलं चुकीचं विधान, आणि काम एवढंच की चूक कुठे आहे ते सांगा. 70 गुणांपैकी 20 गुण अशाच प्रश्नांना द्यावेत असा प्रस्ताव अभ्यास मंडळाकडे नेला. 14 मिळाले. मंडळातल्या एका सदस्यांचं म्हणणं होतं, की विद्यार्थ्याला काय येणार हे माहीत असणं हा त्याचा हक्क आहे. हे म्हणणं मी हसण्यावारी नेलं, ते चुकलं. प्रश्नाचा प्रकार आधी माहीत असणं आणि उत्तर आधी माहीत असणं, यांत फरक आहे. पहिला हक्क खराच आहे. नमुना प्रश्नांचा संच आम्ही सत्राच्या सुरुवातीलाच द्यायला हवा होता, तो दुसऱ्या वर्षी दिला.

पोर्शन कापण्याची बैठक

चर्चेला आणि प्रयोगांना वेळ लागतो, म्हणजे काहीतरी गाळावं लागणार. प्रत्येक शिक्षकाने दोन घटक सुचवायचे ठरलं. चौघांनीही दुसऱ्याच्या आवडीचे घटक सुचवले. संधी खर्च शिकवून आयुष्य गेलेली माणसं आम्ही, पण एकही घटक सोडवत नव्हता. तीन तासांनी समवृत्ती वक्रांवरून (सारखंच समाधान देणाऱ्या वस्तूंच्या जोड्या दाखवणाऱ्या रेषा) किंमत परिणामाची उत्पन्न (खिशाला पडणारा फरक) आणि पर्यायता (दुसऱ्या वस्तूकडे वळणं) अशी फोड गळली, तिच्यासोबत गिफेन वस्तूची आकृती गेली, आणि मक्तेदारीच्या प्रकारांची लांबलचक यादी गेली.

दुसऱ्या वर्षाच्या शिक्षकांना आम्ही बैठकीला बोलावलंच नव्हतं. त्यांना हे वर्ग सुरू झाल्यावर कळलं.

तपासणी

नव्या प्रश्नांच्या पहिल्याच चाचणीत घोटाळा झाला. एकाच उत्तरपत्रिकेला 10 पैकी एका शिक्षकाने 2 आणि दुसऱ्याने 8 गुण दिले. पहिल्याला आकृती हवी होती, दुसऱ्याला युक्तिवाद पुरेसा वाटला. मग चौघांनी एकत्र बसून काही उत्तरपत्रिका स्वतंत्रपणे तपासल्या आणि वाद घालून निकष ठरवले: कारण ओळखलं का, कोणता वक्र कुठे सरकला, किंमत आणि नग या दोन्हींचं काय झालं, आणि कोणती माहिती मिळाली तर उत्तर बदलेल. त्या दुपारी शिकवण्याबद्दल जेवढं बोललो तेवढं आधीच्या अनेक वर्षांत बोललो नव्हतो.

दुसरी चूक उशिरा दिसली. प्रसंग सांगणारे प्रश्न लांबलचक असतात. ज्यांचं शालेय शिक्षण वेगळ्या भाषेत झालं होतं त्यांचा अर्धा वेळ प्रश्न वाचण्यात जायचा. त्यांना अर्थशास्त्र येत नव्हतं असं नाही. आम्हीच नकळत भाषेची परीक्षा घेत होतो. मग प्रसंग चार ओळींच्या वर जाणार नाही असा नियम केला.

काय निष्पन्न झालं

दुसऱ्या वर्षअखेर हजेरी टिकली. 'हे पेपरला येतं का' हा प्रश्न बंद झाला, कारण येत होतं. पास होणाऱ्यांचं प्रमाण आधी घसरलं, मग जवळपास पूर्वीच्या जागी आलं. पूर्वी सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या काहींचे गुण कमी झाले आणि मधल्या फळीतली काही मुलं वर आली. याने पालकांइतकेच आम्हीही अस्वस्थ झालो होतो. छत्रीच्या जातीचे प्रश्न, म्हणजे सरकलेला वक्र ओळखायला लावणारे, निम्म्याच्या आसपास विद्यार्थी नीट सोडवू लागले. ते पद्धतीमुळे की परीक्षेमुळे, हे वेगळं काढता येत नाही. पहिल्या सत्रात आमच्याकडे जुन्या तुकड्या तुलनेला होत्या, पण तेव्हा परीक्षा बदलली नव्हती. परीक्षा बदलली तेव्हा सगळ्याच तुकड्या नव्या पद्धतीत गेल्या होत्या. अर्थशास्त्राच्या विभागाने तुलनेचा गट असा हातचा घालवावा, हे जरा लाजिरवाणंच आहे.

दुसऱ्या वर्षाच्या शिक्षकांची तक्रार अजून मिटलेली नाही. उत्पन्न आणि पर्यायता परिणाम शिकवायला त्यांना चार तास जादा लागतात आणि ते चार तास त्यांना कुणी दिलेले नाहीत.

आज करायचं झालं तर

परीक्षा आधी, वर्ग नंतर. निदान दोन्ही एकाच सत्रात. पहिलं वर्ष आम्ही विद्यार्थ्यांना जे करायला सांगितलं त्याचे गुण दिले नाहीत आणि मग ते करत नाहीत म्हणून हळहळलो.

पोर्शन कापताना पुढच्या वर्षाचा शिक्षक खोलीत हवा. आणि तरुण सहकाऱ्याचा मुद्दा मी पुन्हा उघडेन. छत्रीवर विचार करायला शिकलेला वर्ग आता भाड्यावर, वेतनावर, हवामानावर विचार करायला तयार आहे. विषय बदलण्याची वेळ आली आहे असं त्याचं म्हणणं आहे. सध्या त्याच्या तुकडीत पंधरवड्याचे प्रश्न किमान वेतनावर आहेत, आणि त्यांवर एकच बरोबर उत्तर नसल्याने तपासणीचे निकष पुन्हा लिहिणं चालू आहे.

गेल्या तोंडी परीक्षेत सरांनी परंपरेप्रमाणे छत्री काढली. समोरच्या मुलाने वक्र सरकवला, दोन बिंदू दाखवले, आणि खडू खाली न ठेवता म्हणाला, "पण सर, पाऊस दरवर्षी येतो हे छत्री बनवणाऱ्यांनाही माहीत असतं. ते आधीपासून साठा करतील, पुरवठाही उजवीकडे सरकेल. मग किंमत वाढलीच असेल हे तुम्ही कशावरून धरलं?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. आम्ही प्रश्नात 'अवकाळी' हा शब्द घातला.